पोटखराबा

ओकाचे झाड मी अजून पाहिलेले नाही. ओक आडनावाची माणसे मात्र पुष्कळ पाहिली आहेत आणि ती सगळी अंगाने किरकोळ होती. त्यामुळे ओकवृक्ष म्हणजे काहीतरी भरदार, बळकट आणि घेरदार असते, हे पुस्तकांतून वाचूनही माझ्या मनाला नीटसे पटत नसे. यंदाच्या जानेवारीत ती अडचण दूर झाली. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये असतो. त्याला मराठीत पास होण्यापुरते गुण मी कसेबसे दिले होते. त्या उपकाराची फेड म्हणून की काय, त्याने मला तिकडचे एक कॅलेंडर पाठवले. बारा महिन्यांची बारा चित्रे. ऑक्टोबरच्या पानावर एक हिरवी उतरण, तिच्यावर चुन्यामातीवाचून नुसती रचलेली काळपट दगडांची लांबच लांब भिंत, आणि भिंतीला खेटून दोन म्हातारे ओक. कडेला त्याने पेनाने लिहिले होते, "सर, इथे शेताच्या या भिंतीला डाइक म्हणतात."

"किती सुरेख!" हिने म्हटले. हिचे माहेर पुण्याचे. शिरपुरात येऊन वीस वर्षे झाली, तरी सुरेख म्हणावे असे काही दिसले की ते परगावचेच असणार, अशी हिची समजूत आहे.

"अशी भिंत आपल्याकडेही आहे," मी म्हणालो. "आपली स्वतःची. सातबाऱ्यावर नाव आहे माझे."

"भिंतीचे नाव सातबाऱ्यावर?"

"हो. पोटखराबा म्हणून."

ही आधी माझ्याकडे आणि मग स्वयंपाकघरातल्या सुंठीच्या डब्याकडे पाहू लागली. शहरातल्या वाचकांचाही तसाच घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो. शेताच्या क्षेत्रात जेवढा भाग खडकाचा, नाल्याचा, म्हणजे पिकाच्या उपयोगाचा नसतो, तेवढ्याची नोंद सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून होते. आमच्या आजोबांच्या चौदा एकरांतली सव्वा एकर जमीन अशी पोटखराब आहे. ती सव्वा एकर म्हणजे आमची भिंत.

शिरपुरात बसून असल्या भिंती दिसत नाहीत. शहराभोवती तापीच्या खोऱ्यातला गाळ खोल साठलेला आहे. खडक असला तरी तो पार खाली. सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडावी, आग्रा रोडने नरडाण्याच्या बाजूला यावे आणि मग पश्चिमेकडे वळून शिंदखेडे तालुक्यात शिरावे. मग माळ उघडा पडत जातो आणि हळूहळू या भिंती दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, कोण्या राजाने तटबंदी घालायला घेतली आणि खजिना संपला म्हणून अर्धी टाकली. माझी आजी अगदी हेच सांगत असे. तिच्या गोष्टीत गवळी राजा एका रात्रीत कोट बांधायला निघतो आणि कोंबडा आरवतो. कोंबडा नसता आरवला तर काय झाले असते, असे मी विचारी. "आपलं वावर कोटाच्या आत गेलं असतं," असे ती म्हणे, आणि त्यात तिला थोडी हळहळही वाटे.

आमची भिंत पूर्वेकडून किंचित उत्तरेला कलून पश्चिमेकडे जाते. कुठे दोन पुरुष उंच, कुठे कमरेइतकी, तर कुठे नुसता काळ्या धोंड्यांचा ढीग. रुंदी वीस-बावीस फूट. जिथे ती नीट उभी आहे तिथला दगड पाहण्यासारखा आहे. पाच-सहा पैलूंचे, मांडीएवढे जाड दगडी ओंडके आडवे रचून ठेवावेत तसा. लग्नघरी मांडवामागे जळणाची लाकडे रचतात ना, तशीच ती रचाई. लहानपणी मी त्या ओंडक्यांची टोके पायऱ्यांसारखी वापरून वर चढे. वरून उत्तरेला तापीवरचे धुके आणि त्यापलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसे. भिंतीच्या उत्तर अंगाला थंडीच्या दिवसांत दिवसभर सावली राहते, म्हणून ठेलाऱ्यांच्या मेंढ्या उन्हे वाढली की तिथे बसायच्या. दक्षिण अंग मात्र तव्यासारखे तापे. संध्याकाळी त्याला पाठ टेकवली की घरी शेकायची गरज उरत नसे.

आणि या भिंतीच्या मधोमध, एका फटीतून उगवलेला आमचा अंजन. कोकणातल्या किंवा घाटावरच्या वाचकांनी डोळ्यांपुढे जांभळ्या फुलांची अंजनी आणू नये. ती निराळी, नाजूक मंडळी. खानदेशातला अंजन उंच, करड्या सालीचा, बारीक फांद्या खाली सोडून उभा असतो. त्याचे पान म्हणजे देठाशी जोडलेली दोन छोटी दळे, बैलाच्या खुराच्या ठशासारखी. वैशाखाच्या आधी नवी पालवी येते, तेव्हा सगळे झाड तांबूस दिसते आणि भोवतालचा माळ आणखीच करपल्यासारखा वाटतो. लाकूड इतके जड की पाण्यात टाकले तर तळ गाठते. आमच्या गावातल्या घराचा मधला खांब अंजनाचा आहे. आजोबांच्या तसबिरीसाठी त्यात खिळा ठोकताना तीन खिळे वाकले आणि शेवटी आजोबा शेजारच्या निंबाच्या खांबावर गेले. वनस्पतिशास्त्रात या झाडाला हार्डविक नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे नाव दिलेले आहे. त्या साहेबाने आमचा खांब पाहिला असता तर त्याला बरे वाटले असते.

अंजनाचे मूळ खडकाच्या फटीत शिरून खाली खाली जाते. आमच्या झाडाने भिंतीतले दोन ओंडके मुळांच्या जोराने बाजूला सारले आहेत. त्या फटीतून, बुंध्यापासून हातभर अंतरावर, एका लोखंडी नळाचे तोंड बाहेर आलेले होते. गंजलेले, दोन इंच व्यासाचे. सुट्टीत गावी गेलो की मी त्या नळाला तोंड लावून ओरडे आणि पलीकडून माझा चुलतभाऊ ओरडे. हा आमचा टेलिफोन. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचे बोलणे बंद असल्यामुळे आम्हाला त्याची फार गरज होती. एकदा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला नळाशी पाहिले. हा नळ कसला, असे मी विचारले. "जुना आहे," ते म्हणाले. "आत साप असतो. तोंड लावू नकोस."

मोठ्या माणसांचे बोलणे का बंद होते, ते सांगितलेच पाहिजे. १९८६ साली आजोबांनी वाटणी केली. भिंत शेताच्या मधोमध असल्याने मोजणीदाराला फारसे काम पडले नाही. भिंतीच्या खालचे, उत्तरेचे वावर थोरल्याला, म्हणजे आबांना आणि वरचे, दक्षिणेचे धाकट्याला, म्हणजे नानांना. भिंत दोघांची. खालचे वावर काळे, भुसभुशीत, रस्त्याला लागून. वरचे मुरमाड, चढाचे. सगळ्या गावाने म्हटले, म्हाताऱ्याने थोरल्याला झुकते माप दिले. नाना काही बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी विहीर घेतली आणि तिला तीस फुटांवर पाणी लागले. असे तसे नव्हे, चैत्रात दोन मोटा चालतील असे पाणी. मग आबांनीही विहीर घेतली. आबा प्राथमिक शाळेत शिक्षक. शिरपुरात बिऱ्हाड, शेत बटाईने दिलेले. विहिरीसाठी आईच्या पाटल्या गेल्या. चाळीस फूट झाले, पन्नास झाले, सुरुंगाची दारू संपली, साठ झाले. पाणी लागले ते दिवाळीपर्यंत पुरेल एवढे. त्यानंतर तळाशी बेडूक आणि चिखल.

आबांनी मनाशी एक गोष्ट जुळवली. नानांनी वाटणीआधीच गुपचूप पाणाड्या आणून पाणी पाहून ठेवले होते आणि मुरमाड वावर मुद्दाम घेतले होते. याला पुरावा काहीच नव्हता. पण आबा गणिताचे शिक्षक होते आणि उत्तर आधी ठाऊक असले की रीत कशीही जुळवता येते. आमच्या घरात ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की, त्या पाणाड्याचे मुंडासेही मला दिसू लागले होते. २०११ साली आबा गेले. नाना अंत्ययात्रेला आले, मागच्या रांगेत उभे राहिले आणि चहा न घेता परत गेले. मीही त्यांना चहाचा आग्रह केला नाही.

आता पुन्हा त्या कॅलेंडरकडे येतो. ते मी कॉलेजात नेले आणि प्राध्यापकांच्या खोलीत दाखवत बसलो होतो. आमच्या भूगर्भशास्त्राच्या सहकाऱ्यांनी चित्रावरचे वाक्य वाचले आणि चहाचा कप खाली ठेवला.

"अहो, हा शब्द तर आमचा!"

मग त्यांनी जे सांगितले त्यात भाषेच्या मास्तरालाही ऐकण्यासारखे पुष्कळ होते. स्कॉटलंडात शेतकरी शेताच्या दगडी भिंतीला डाइक म्हणतात. तिकडच्या जुन्या भूगर्भशास्त्रज्ञांना डोंगरातून, समुद्रकाठच्या खडकांतून आरपार गेलेल्या काळ्या पाषाणाच्या भिंती दिसल्या. त्यांनी शेतकऱ्याचाच शब्द उचलला आणि तो सगळ्या जगात गेला. मराठी शास्त्रग्रंथांत त्याला भित्ती म्हणतात. आमच्या अहिराणीत भीत. म्हणजे स्कॉटलंडच्या शेतकऱ्याने, पुण्या-मुंबईच्या पंडितांनी आणि माझ्या आजीने एकाच वस्तूकडे पाहून एकच नाव ठेवले होते. आणखी मौज म्हणजे, इंग्रजीत हा शब्द भिंतीलाही लागतो आणि चरालाही. या पाषाणभिंतींचेही तसेच होते. भोवतालचा खडक मऊ असला तर तो झिजतो आणि भिंत उभी राहते. भिंतच मऊ असली तर ती झिजून तिच्या जागी चर पडतो.

"तुमची उभी आहे ना? मग मला दाखवा," ते म्हणाले. आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी माझीच भिंत पाहायला निघालो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून शिलारस वर येत होता. डोंगराच्या तोंडातून उसळणारा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो, तसा तो नव्हे. लांबच लांब भेगांतून तो पसरे, थिजे, त्यावर पुन्हा पसरे. असे थरावर थर बसून दख्खनचा पाषाण झाला. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. अजिंठ्याची लेणी, रायगडाचा कडा आणि मुंबईतल्या जुन्या काळ्या इमारती हे सगळे त्याचेच. पण ज्या भेगांतून हा रस वर आला, त्यांतला शेवटचा रस भेगांतच अडकून गोठला. त्या गोठलेल्या भेगा म्हणजे या भिंती. भेग दोन्ही बाजूंनी थंड होत गेल्यामुळे दगडाला बाजूंकडून आत तडे गेले आणि आडवे ओंडके तयार झाले. लग्नघरची लाकडे कुणी रचली, ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. धुळे-नंदुरबार भागातल्या अशा दोनशे दहा भिंतींचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आहे, आणि त्यांतली एक भिंत ७९ किलोमीटर लांब भरली. शिरपूरहून धुळ्याला जाताना कंटाळा येतो, त्याहून ती लांब. जवळजवळ सगळ्या तापीला समांतर, पूर्व-पश्चिम. बालकवी आमच्या खानदेशातले, धरणगावचे. पण हिरवळ आणि निर्झर यांत रमलेल्या त्या कवीच्या नजरेला ही काळी भिंत पडल्याचे मला तरी कुठे आढळलेले नाही. विद्यार्थ्यांना बालकवी शिकवताना मीही ती कधी आठवली नव्हती.

सहकारी भिंतीवर हातोडा मारून पाहत होते. एक कपचा काढायला त्यांना घाम फुटला. आजीने १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती. तिच्या तळहाताला ज्या गाठी होत्या, त्या मला तेव्हा आठवल्या. मग त्यांनी एक काडी घेतली आणि मातीत रेघ ओढली.

"ही दिसते ती भिंत काहीच नाही. हिचा मुख्य भाग खाली आहे. किती खोल म्हणाल, तर तुमची-माझी विहीर कधी पोचणार नाही इतका. आता जमिनीचा उतार तापीकडे, उत्तरेला. पाऊस मुरला की पाणी खडकाच्या फटींतून उताराने उत्तरेकडे सरकणार आणि या भिंतीला येऊन अडणार. सगळ्याच भिंती अशा नसतात. काही फुटीर असतात आणि त्यांच्या तड्यांतूनच पाणी वाहते. पण ही घट्ट दिसते. म्हणजे हा जमिनीखालचा बंधाराच. वरच्या अंगाला विहीर घेणाऱ्याला तीस-पस्तीस फुटांवर पाणी. खालच्या अंगाला घेणारा मात्र—"

बोलता बोलता त्यांनी खाली पाहिले. साठ फुटांची, दगडी कठड्याची, कोरडी विहीर.

"ही कुणाची?"

"आमच्या वडिलांची."

ते गप्प झाले. चांगला माणूस. परतीच्या वाटेवर ते शिरपूर पॅटर्नविषयी बोलत राहिले. भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून आमच्या तालुक्यातले नाले खोल-रुंद करून पाणी कसे मुरवले, कोरड्या विहिरींत पाणी कसे सोडले, आणि खालचा खडक आधी वाचता आला म्हणूनच ते कसे साधले, हे सगळे. मी हो हो म्हणत होतो. माझ्या डोळ्यांपुढे त्या पाणाड्याचे मुंडासे होते आणि आता त्याच्या खाली डोके नव्हते.

खरे म्हणजे दुसऱ्याच दिवशी नानांकडे जायला हवे होते. एस.टी. मिळाली नाही असे नाही. परीक्षा आल्या, उत्तरपत्रिका आल्या. पंचवीस-तीस वर्षे एखाद्याला मनातून चोर ठरवल्यावर, 'तुम्ही चोर नव्हता, असे आमच्या सहकाऱ्यांनी सांगितले,' हे वाक्य कोणत्या प्रयोगात म्हणावे, ते व्याकरणाच्या मास्तराला सुचेना.

मे महिन्यात चुलतभाऊच आमच्या घरी आला. उंबऱ्याच्या आत तो पहिल्यांदाच येत होता. हिने त्याला कैरीचे पन्हे दिले. त्याने पिशवीतून एक कागद काढला. जवळच खडीचा क्रशर सुरू झाला होता. ठेकेदाराला काळा दगड हवा होता आणि आमची भिंत त्याच्या नजरेत भरली होती. परवानग्यांचे तो पाहणार होता. मोबदला चांगला होता. भिंत दोघांच्या नावावर, म्हणून माझी सही पाहिजे.

"भाऊ, पोरीची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे," तो म्हणाला. "नाही तर मी तुमच्या दारी आलो नसतो. आणि त्या पोटखराब्याचा आपल्याला उपयोग तरी काय?"

मी म्हटले, विचार करून सांगतो. कागद टेबलाच्या खणात ठेवला.

विचार मी कसा केला, तेही प्रांजळपणे लिहितो. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना मी सहज म्हणून विचारले, भिंत काढली तर पाण्याचे काय होईल? ते म्हणाले, वरवर दगड काढला तर काहीच नाही, पाणी अडवणारा भाग खाली आहे. पण खाणवाले वर थांबत नाहीत. सुरुंग लावून खाली गेले आणि बंधारा फुटला, तर वरचे पाणी खाली उतरेल. "खात्रीने सांगता येत नाही," ते म्हणाले, "पण उतरण्याचा संभव पुष्कळ." त्या रात्री मी अंथरुणावर पडलो आणि आबांच्या विहिरीत पाणी चढताना पाहिले. पन्नास फूट, चाळीस फूट. आईच्या पाटल्या. सही करायची होती ती चुलतभावाच्या विनंतीवरून, त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी. कुणी मला नाव ठेवले नसते; उलट दोन्ही घरांनी मला भला माणूस म्हटले असते. हा हिशेब मी एकदा नव्हे, महिनाभर करत होतो. वर्गात त्या दिवसांत मी संतवाङ्मय शिकवत होतो, हेही सांगून टाकतो.

चुलतभावाचे दोन फोन येऊन गेले. मी दोन्ही वेळा कॉलेजच्या कामाचे निमित्त सांगितले. ही एकदा खण आवरताना तो कागद हातात घेऊन म्हणाली, "सही करायची नसेल तर तसे सांगा. करायची असेल तर करा. हे काय चालले आहे?" मी तिला सगळे सांगितले, पाटल्यांसकट. तिने कागद परत खणात ठेवला आणि म्हणाली, "पोळ्याला गावी जाऊन या."

पोळ्याच्या दिवशी गावात शिरलो तेव्हा शिंगे रंगवणे चालले होते. पूर्वी आमच्या आळीत वीस-वीस जोड्या असत. यंदा तीन मोजल्या. त्यांतली एक नानांची. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत ते ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही, पण बाजूला सरकून बसायला जागा केली. काकूंनी खापरावरचे मांडे केले होते. मी जेवलो. जेवणात कुणी काही काढले नाही. मग मी, नाना आणि चुलतभाऊ असे तिघे वावरात गेलो. बैलांना मिरवण्याआधी वावर दाखवून आणायचा नानांचा जुना नेम आहे.

अंजनाखाली मी सांगायला सुरुवात केली. कोटी वर्षे, भेगा, शिलारस हे जरा घाईने उरकले. पाणी कसे अडते ते काडीने मातीत रेघ ओढून दाखवले, सहकाऱ्यांनी दाखवले तसेच. भिंत खोलवर फोडली तर वरच्या विहिरीचे काय होईल तेही सांगितले आणि हे मला मे महिन्यापासून ठाऊक होते, असेही सांगितले. चुलतभाऊ माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा मला चांगला दिसत होता, आणि तो मी विसरणार नाही.

नाना रेघेकडे पाहत होते. त्यांना नवल वाटलेले दिसले नाही. विहीर खणताना उत्तरेच्या बाजूला पहार लागली की ठिणग्या उडत, ते त्यांना आठवत होते.

"खाले भी भीतच शे," ते म्हणाले. "माले माहीत व्हतं." मग त्यांनी काठीने अंजनाच्या बुंध्याकडे दाखवले. "दादाले मी सांगेल व्हतं, पाणी ली जा. नळ भी टाका. त्यानी नही लिधं."

मी वाकून पाहिले. मूळ आता नळाच्या अंगावर चढले होते. लोखंड एका बाजूने दबून त्याचे तोंड चपटे झाले होते. पलीकडच्या अंगाला नानांनी विहिरीपासून भिंतीपर्यंत नळ आणला होता, फटीतून बाहेर काढला होता आणि तिथे थांबले होते. पुढचे वावर आबांचे; पुढची जोडणी आबांनी करायची होती. हे १९८८ साली, आमची विहीर साठ फुटांवर कोरडी लागल्यावर. म्हणजे मी नळात ओरडत होतो तेव्हा आबांना तो नळ कसला ते ठाऊक होते.

बराच वेळ कुणी बोलले नाही. बैल मात्र अंजनाच्या खाली लोंबणाऱ्या फांद्यांकडे मान लांब करत होता. पाला त्यांना फार आवडतो. नानांनी एक फांदी ओढून त्याच्या तोंडाशी धरली.

"फीचे काय करायचे?" चुलतभाऊ शेवटी म्हणाला. त्याचे विचारणे बरोबर होते. मी म्हणालो, काही माझ्याकडून, काही बँकेकडून, बसून पाहू. यावर तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हे लिहीपर्यंत त्याचा पुरता निकाल लागलेला नाही. पहिला हप्ता भरला आहे एवढेच. कागद अजून माझ्या खणात आहे आणि ठेकेदाराचा माणूस दर पंधरा दिवसांनी चुलतभावाला फोन करतो.

नाना बैल घेऊन गावाकडे वळले. मिरवणुकीची वेळ होत आली होती. चुलतभाऊ नळाशी बसून त्याच्या तोंडातला गंज बोटाने काढून पाहत होता. "हा तर गेला," तो म्हणाला. "आता प्लास्टिकचा टाकावा लागेल. इथून तुमच्या विहिरीपर्यंत किती भरेल?"

मी भिंतीपासून पावले टाकत निघालो. कपाशीत पाय अडकत होते, म्हणून कडेच्या बांधाने गेलो. आबांच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत एकशे अठरा पावले भरली. ओरडून त्याला आकडा सांगितला.

"मास्तरांची पावलं लहान असतात," तो तिकडून म्हणाला, आणि स्वतः पुन्हा मोजत निघाला.